अप्पासाहेब पटवर्धन आणि श्रीक्षेत्र देहू

ज्येष्ठ वद्य सप्तमीस तुकोबारायांच्या पालखीचे देहूहून प्रस्थान होते, हे वारकरी मंडळींना सांगायला नको. आदल्या दोन दिवसांत गाव दिंड्यांनी भरून जाते. वीणा, टाळ, मृदंग, डोईवर तुळशी घेतलेल्या आयाबाया. त्या वेळी इंद्रायणीच्या काठावर उभे राहिले म्हणजे जन्माला आल्याचे सार्थक झाले असे वाटते. पण त्याच काठाची दुसरी एक आठवण आमच्यापाशी आहे, आणि आज तीच सांगायची आहे. आम्ही पोरवयात वडिलांबरोबर वारीला येत असू. पहाटे अंधारात स्नानाला निघालो की वडील आमचा हात घट्ट धरीत आणि पाय जपून टाकायला सांगत. काट्याकुट्याची भीती नव्हती, विंचवाकिरडाचीही नव्हती. कसली होती ते प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक आहे. हजारो माणसे उतरली, हजारो परसाकडे बसली, आणि पालखी हलली की सगळी हरिनामाच्या गजरात पुढे निघून गेली. मागे राहिले ते कोणी उचलले, हा प्रश्न आम्हांला चाळीस वर्षे पडला नाही. खोटे कशाला सांगावे!

हा प्रश्न ज्यांना तरुणपणीच पडला आणि ज्यांनी तो जन्मभर सोडला नाही, अशा एका सत्पुरुषाचे चरित्र आज वाचकांच्या सेवेस सादर करीत आहोत. ते माळकरी म्हणून प्रसिद्ध नव्हते, आणि कीर्तनाला उभे राहणाऱ्यांतलेही नव्हते. तरी देहूच्या आजच्या घराघरांत त्यांचे ऋण आहे, ते कसे ते पुढे येईलच.

सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन हे त्यांचे नाव. लोक त्यांना अप्पासाहेब म्हणत, आणि पुढे कोकणचे गांधी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आगरगुळे गावी 4 नोव्हेंबर 1894 रोजी त्यांचा जन्म झाला. घर ब्राह्मणाचे, बुद्धी तल्लख, ओढा तत्त्वज्ञानाकडे. त्या काळी असा मुलगा एक तर सरकारी नोकरीत वर चढायचा, नाही तर पुण्यात प्राध्यापक व्हायचा. अप्पांच्या पुढे ती वाट मोकळी होती. पण गांधीजींची हाक कानी आली आणि सगळे गणितच बदलले. ते साबरमतीच्या आश्रमात गेले, तिथे सूतकताई शिकले, आणि मुख्य म्हणजे सफाई शिकले. आश्रमात शौचकूप साफ करण्याचे काम पाळीपाळीने सगळ्यांना असे. आलेला पाहुणा मोठा वकील असो की शास्त्री, त्याची सुटका नसे. गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद वाचकांपैकी पुष्कळांनी वाचला असेल. तो अप्पांच्या हातचा आहे. म्हणजे सकाळी बादली आणि दुपारी लेखणी असा त्यांचा क्रम. बादलीचे काम लेखणीहून हलके आहे असे त्यांच्या मनाला कधी शिवले नाही.

पुढे ते रत्नागिरीकडे परतले. खादी, अस्पृश्यतानिवारण, गावोगाव पायी फिरणे. 1930 साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा शिरोड्याच्या मिठागरांवर जी मंडळी गेली त्यांत अप्पा पुढे होते. तुरुंगवास झाला. स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंगात गेलेले पुष्कळ, म्हणून त्या भागात शिरत नाही. पण दुसऱ्या खेपेच्या तुरुंगवासात, 1932 साली, रत्नागिरीच्या तुरुंगात एक गोष्ट घडली ती मात्र सावकाश सांगितली पाहिजे.

तुरुंगाचा रिवाज असा की मैला काढण्याचे काम, ज्याला तेव्हा भंगीकाम म्हणत, ते ठराविक जातींच्या कैद्यांनाच द्यायचे. बाहेर जन्माने जे गळ्यात पडले तेच आतही. वरच्या जातीचा कैदी चोर असो की दरोडेखोर, त्याचे सोवळे सरकार सांभाळणार! अप्पांनी अर्ज केला की हे काम आम्हांला द्या. अधिकाऱ्यांनी नाही म्हटले. कैद्याने हलके काम मागावे हे त्यांनी पाहिले होते, पण हे काम कोणी मागून घेतो हे त्यांना नवीन होते. अप्पांनी अन्न कमी केले आणि उपासाला बसले. त्या वेळी गांधीजी येरवड्याला होते, म्हणजे आपल्या देहू-आळंदीपासून जवळच. त्यांच्या कानी ही गोष्ट गेली तेव्हा सोबती म्हणून त्यांनीही 3 डिसेंबर 1932 रोजी उपास धरला. पुणे करार होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते आणि सरकारला आणखी एक उपास परवडणारा नव्हता. दोन दिवसांत आश्वासन आले आणि उपास सुटले.

वाचकहो, जरा थांबून याचा विचार करावा. उपास पुष्कळ झाले आहेत. कोणी अन्नासाठी केले, कोणी हक्कासाठी, कोणी देवळात जायला मिळावे म्हणून केले. दुसऱ्याची घाण काढायला मिळावी म्हणून उपास केल्याचे उदाहरण आमच्या तरी ऐकिवात दुसरे नाही. आणि ही नुसती मनाची लहर नव्हती. सरकारी नियमपुस्तकात जात कशी बसलेली असते ते अप्पांनी बोट ठेवून दाखवले. पुढे स्वराज्य आल्यावर 1949 साली मुंबई सरकारने सफाई करणाऱ्यांच्या हालाची चौकशी करण्यासाठी बर्वे समिती नेमली, 1957 साली केंद्रात मलकानी समिती झाली, आणि हाताने मैला उचलायला लावण्यास बंदी करणारे कायदे 1993 आणि 2013 साली झाले. कायद्याचा गाडा असा हळूहळू आला. अप्पांचा उपास त्याच्या किती आधीचा आहे ते पाहावे.

तुरुंगातून सुटल्यावर अप्पांनी त्याहून कठीण काम हाती घेतले. खेड्यातले मेलेले जनावर ओढून नेणे आणि त्याचे कातडे सोडवणे हे महार-चांभार बांधवांच्या माथी मारलेले काम. काम त्यांनी करायचे आणि त्या कामापायी विटाळही त्यांचाच धरायचा, असा उफराटा न्याय. त्यांच्यातल्या स्वाभिमानी माणसांनी ते टाकून द्यायला सुरुवात केली तेव्हा गावेच्या गावे चिडली. अप्पांनी चिडलेल्या गावांना उपदेश केला नाही. ते स्वतः सुरी घेऊन बसले आणि मेलेली गुरे फाडायला शिकले. ब्राह्मणाच्या पोराने हे केले म्हणून नातलगांत, गावांत काय काय बोलणे झाले असेल त्याची कल्पना कोकण ज्याला ठाऊक आहे त्याने करावी.

आम्ही वारकरी कीर्तनात मोठ्या प्रेमाने सांगतो की चोखोबांच्या संगतीने पांडुरंगाने मेलेली ढोरे ओढली. ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात. महाद्वारापाशी चोखोबांच्या समाधीपुढे आम्ही वाकतो. पण त्या कथेतला देव जे करतो ते आपणही करून पाहावे असे आमच्यातल्या किती जणांच्या मनात आले? अप्पा आयुष्यभर त्या कथेतच राहिले.

5 मे 1948 रोजी कणकवलीजवळ वागदे येथे गड नदीच्या काठी अप्पांनी गोपुरी आश्रम काढला. तिथे शेती, गोपालन, चर्मालय असे उद्योग सुरू झाले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तिथली मोठी गोष्ट म्हणजे संडास. हसू नये! आश्रमात पाहण्यासारखे काय म्हणून कोणी विचारले आणि संडास दाखवला तर आपल्याला विचित्र वाटेल. तिथे मात्र तसेच होते.

अप्पांचा विचार असा. आपण दहा शहाण्या माणसांनी भंगीकाम पत्करले म्हणून देशातले भंगीकाम संपत नाही. जोवर मैला कोणाच्या तरी हाताने उचलावाच लागेल असे संडास आहेत, किंवा संडासच नाहीत, तोवर कोणी तरी गरीब जात त्यात अडकवली जाणारच. तेव्हा हृदयपालट हवा तसाच खड्डाही नीट हवा. त्यांनी जो संडास रूढ केला त्याला गोपुरी संडास असेच नाव पडले. त्यात दोन कप्पे असतात. एक वापरायचा, त्यात पालापाचोळा, माती टाकत जायचे. तो भरला की बंद करून दुसरा वापरायला घ्यायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यातल्याचे खत होते. त्याला घाण येत नाही, माशी बसत नाही, आणि फावड्याने काढून थेट शेतात टाकता येते. ताजा मैला कोणाच्याही हाताला लागत नाही. खर्च थोडा, सामान गावातलेच. शिवाय संडासाला जोडून गॅस काढण्याचेही प्रयोग गोपुरीत झाले. गोबरगॅस शेतकऱ्यांना ठाऊक आहे. त्याच रीतीने माणसाच्या मैल्यापासूनही चूल पेटते, हे पटवणे मात्र जड गेले. त्या चुलीवरचा स्वयंपाक देवाला दाखवावा की नाही यावर वाद घालणारी माणसे आम्ही स्वतः पाहिली आहेत.

याच सुमारास दुसरीकडे गाडगे महाराज हातात खराटा घेऊन महाराष्ट्र झाडीत होते. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात माणसांची मने झाडायची. 20 डिसेंबर 1956 रोजी त्यांनी देह ठेवला. बाबांना अक्षरओळख नव्हती, अप्पा विद्वान. बाबा गर्दीला हसवीत रडवीत, अप्पा थोडके बोलत. बाबांचे नाव घराघरांत गेले, अप्पांचे तितके गेले नाही. खराट्याचे कीर्तन होते, खड्ड्याचे कसे व्हावे? पण खराट्याने गोळा झालेला कचरा शेवटी कुठे जातो हे खड्डाच ठरवतो.

अप्पांचे आणखी एक वेड होते. पैशावर व्याज घेणे म्हणजे दुसऱ्याच्या घामावर बसून खाणे, असे मानून त्यांनी व्याजबट्टा बंद व्हावा असा प्रचार केला. हे कोणाला व्यवहारी वाटले नाही, आणि आम्हांलाही त्याचा सगळा हिशेब समजलेला नाही. तरी आपल्या हिश्श्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून देणाऱ्या तुकोबांच्या गावात बसून त्याला वेडगळपणा म्हणायला जीभ रेटत नाही.

असो. आता देहूकडे येऊ. 1960 च्या सुमारास देहूच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर सुहास विठ्ठल मापुसकर नावाचे तरुण गृहस्थ आले. दवाखान्यात येणाऱ्या रोग्यांत जंत, हगवण, पोटाचे विकार यांचाच भरणा. औषध द्यावे, बरे करावे, आणि पंधरा दिवसांनी तोच रोगी तेच दुखणे घेऊन पुन्हा दारात. डॉक्टरांनी गाव फिरून पाहिले तेव्हा कारण कळायला फार विद्वत्ता लागली नाही. गावात संडास नाहीत. पुरुष नदीकडे, ओढ्याकडे. बायाबापड्या पहाटेच्या अंधारात किंवा दिवेलागणीनंतर. पावसात ते सगळे वाहून इंद्रायणीत आणि विहिरींत. डॉक्टरांनी काही घरांना पटवून सरकारी नमुन्याचे संडास बांधवले. पावसाळा आला आणि ते कोसळले. गाव हसले. आता डॉक्टरसाहेबांनी औषधाच्या बाटल्या भराव्यात हे बरे, असे बोलणे झाले.

अशा वेळी दुसरा एखादा बदली मागून गेला असता. मापुसकर अप्पासाहेबांकडे गेले. वय झालेल्या अप्पांनी त्यांना दाखवून दिले की संडास ही आधी गवंड्याची आणि मातीची विद्या आहे, उपदेशाची मागाहून. जमीन कशी, पाणी किती खोल, खड्ड्याची भिंत कशी बांधावी, हे न पाहता नकाशा आणून टाकला तर तो पडणारच. डॉक्टर ती विद्या घेऊन देहूला परतले. मग ते तरुणांना हाताशी धरून घरोघर गेले. कोणावर सक्ती केली नाही, आणि सगळे फुकट मिळेल अशी लालूचही दाखवली नाही. एकाच्या दारचा संडास दोन पावसाळे टिकलेला पाहिला की शेजारीण नवऱ्याच्या मागे लागे. बायकांनी हे काम पुढे नेले असे म्हटले तर चूक होणार नाही. अडचण त्यांचीच मोठी होती. पुढे मैल्यापासून गॅस काढणाऱ्या सार्वजनिक संडासाचाही नमुना देहूत उभा राहिला. हे सगळे दोन-चार वर्षांत झाले नाही. चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि 2004 च्या सुमारास गावातले प्रत्येक घर संडास वापरू लागले.

अप्पासाहेबांनी हे पाहिले नाही. 10 मार्च 1971 रोजी त्यांचे देहावसान झाले. पण डॉक्टरांनी देहूत सफाईची विद्या शिकवणारी जी संस्था उभी केली तिला अप्पा पटवर्धन सफाई व पर्यावरण तंत्रनिकेतन असे नाव दिले. ज्या गावात जग तुकोबांच्या नावाने येते तिथे कोकणातल्या एका सत्याग्रहीचे नाव असे विटांवर आणि चुन्यावर टिकले. डॉक्टर मापुसकर 2015 साली गेले आणि 2017 साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली.

आता या गोष्टीचा सरकारी धोरणाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे तो असा. पूर्वी सरकार अनुदान देई आणि आकडे मोजी. कागदावर लाखो संडास झाले. खेड्यात जाऊन पाहावे तो त्यांत सरपण, गोवऱ्या, कोंबड्या. देहूत जे घडले, म्हणजे आधी लोकांना हवेसे वाटणे, मग त्यांच्या श्रमाने आणि पैशाने बांधणे, आणि मग देखरेखही त्यांचीच, ते सरकारच्या गळी उतरायला बराच काळ गेला. 2000 साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना महाराष्ट्रात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान निघाले. त्यात बांधकामाच्या अनुदानापेक्षा गावागावांची चढाओढ आणि श्रमदान यांवर भर होता. गावेच्या गावे खराटे घेऊन बाहेर पडली, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. 2003 साली केंद्रानेही निर्मल ग्राम पुरस्कार काढला. मापुसकरांसारख्यांचा सल्ला सरकारी समित्यांतून घेतला जाऊ लागला. म्हणजे ज्या माणसांना कधी कोणी सरकारी खुर्ची दिली नाही त्यांच्या खड्ड्यातून राज्याचे धोरण उगवले. बक्षिसाचा फलक लागल्यावर पुष्कळ गावे पुन्हा पहिल्या वाटेला गेली, हेही खरे आहे आणि ते लपवू नये.

देहूकरांचे घर सुधारले, पण नदीचे काय? इंद्रायणी लोणावळ्याकडून उतरते. देहूच्या वर तळेगाव, वडगाव; देहूच्या खाली एका काठाला पिंपरी-चिंचवडचे शहर आणि दुसऱ्या अंगाला चाकणचा कारखान्यांचा पट्टा. अलीकडे आळंदीच्या घाटावर पाण्यावर पांढरा फेस तरंगतो, आणि माउलींच्या दर्शनाला आलेली माणसे तो हाताने बाजूला सारून बुडी मारतात. ही नदी पुढे तुळापूरला भीमेला मिळते. ती भीमा उजनीच्या धरणातून पंढरपूरला जाते आणि तिथे तिला आपण चंद्रभागा म्हणतो. देहूला आपण जे नदीत सोडतो ते आपल्या आधी पंढरपूरच्या वाटेला लागते.

आणि पंढरपूरला? तिथल्या वाळवंटातला वारीचा मैला सफाई कामगारांना हाताने उचलावा लागतो, हे गाऱ्हाणे घेऊन त्यांच्या बाजूने झगडणाऱ्या कार्यकर्त्यांना 2006 साली उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. पुढे न्यायालयाने वाळवंटातल्या मुक्कामावर बंधने घातली, वारकऱ्यांच्या उतरण्यासाठी नदीपलीकडे 65 एकरांचे मैदान झाले, संडास वाढले. त्या वेळी आमच्यातले पुष्कळ जण रागावले की कोर्ट आमच्या परंपरेत हात घालते. आम्हीही रागावलो होतो, हे इथे कबूल करतो. आता अप्पांचे चरित्र चाळताना तो राग आठवतो आणि मान खाली जाते. रत्नागिरीच्या तुरुंगात ज्या नियमाविरुद्ध त्यांनी अन्न सोडले तोच नियम आम्ही दर आषाढीला न लिहिता पाळीत होतो.

गेल्या काही वर्षांत पालखीच्या मुक्कामावर फिरते संडास येतात. ही मोठी सोय आहे आणि ती करणाऱ्या स्वयंसेवकांना दंडवत. परंतु दिंडीतली मंडळी पाणी न टाकता बाहेर येतात, आणि एक दिवसात दार उघडवत नाही अशी अवस्था होते. ते धुणारा कोण असतो? कंत्राटदाराने आणलेला कोणी तरी पोरगा. त्याच्या हातात रबराचे मोजेही नसतात. मागच्या वारीत एका मुक्कामी तो पोरगा आमच्या पंगतीच्या कडेला उभा राहिला होता. आमच्या माणसांनी त्याला पत्रावळ दिली, पण ती हातात दिली, बस म्हटले नाही. आम्ही तिथे होतो आणि आम्हीही म्हटले नाही.

यंदा प्रस्थानाआधी दिंडीची बैठक भरली तेव्हा आम्ही हा विषय काढला. पाळीने दोन-दोन जणांनी संडास धुवावेत, विणेकऱ्यापासून चोपदारापर्यंत सगळ्यांची नावे पाळीत असावीत, आणि पहिली पाळी आमची लावावी, अशी सूचना केली. दोन म्हाताऱ्या आजीबाईंनी लगेच होकार दिला. पुरुष मंडळींत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग कोणी सोवळ्याचा मुद्दा काढला, कोणी पाठदुखीचा, आणि चहा आल्यावर बैठक उठली. पुढची बैठक एकादशीला आहे.